मराठीत पीएचडी करताना इतिहास, तत्त्वज्ञानात शिरावं का?

तुम्ही लिहिलंय की विषय जुन्या मराठीचा आहे पण गाईड म्हणतात इतिहास आणि तत्त्वज्ञान त्या त्या विभागांवर सोडा, तुम्ही साहित्यापुरतं बघा. मी बारा वर्षं कॉलेजात मराठी शिकवतेय आणि माझं उत्तर सरळ आहे, शिरा. जुनी मराठी घेतलीत तर शिरल्याशिवाय चालणारच नाही.

कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळचा, गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी कोरलेला लेख घ्या, शाळेत घोकलेला. 'श्रीचावुण्डराजें करवियलें' आणि खाली 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें'. व्याकरणापुरतं बघितलं तर 'राजें' ही तृतीया, चावुंडरायाने करवलं, झालं काम. पण चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री, दहाव्या शतकाच्या शेवटचा, आणि गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेलेली. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीचं आवार, ते नंतर झालं. मग दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या असतील तर? तर पहिल्या ओळीचं वयच एकदम खाली येतं. आता हे नुसत्या व्याकरणाने कसं सुटणार, अक्षरांचं वळण बघावं लागतं, राजवंश माहीत असावे लागतात.

शं. गो. तुळपुळे पुणे विद्यापीठात मराठीचेच प्राध्यापक. त्यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' 1963 साली विद्यापीठाने काढलं. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिळेवरचा शक त्यांनी 934 वाचला, म्हणजे इ.स. 1012, त्यावर पुढे मतभेद झाले आणि ते होणारच, झिजलेल्या दगडावर रेघ कुठली आणि भेग कुठली हे ठरवणं सोपं नाही. मी ठसा घेताना बघितलाय, ओला कागद ब्रशने ठोकून ठोकून खाचेत बसवतात, मग वरून शाईचा बोळा फिरवतात, अक्षरं तेवढी पांढरी उमटतात. तासभर बघूनही एका अक्षरावर आमच्या चौघांचं एकमत झालं नाही.

आणि हेच तुळपुळे संतांवर लिहीत होते, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गुरुदेव रानडे हे त्यांचे गुरू. कोरीव लेख, संत आणि तत्त्वज्ञान ही तीन वेगळी कामं नव्हती, मला तरी एकच वाटतं. लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, वाचताना 'देवता' शब्द आला की आपण सरळ देव समजतो, पण महानुभावांकडे जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे नित्य पदार्थ, म्हणजे कायम असणारी तत्त्वं, आहेत, मोक्ष फक्त परमेश्वर देतो, देवता नाही. हे माहीत नसेल तर अख्ख्या लीळेचा अर्थ उलटा लागतो, मग शैलीवर कितीही पानं लिहा.

त्रास होतो हेही खरं. माझा एक लेख मराठीच्या नियतकालिकाने 'हा इतिहासाचा आहे' म्हणून परत पाठवला आणि इतिहासाच्या नियतकालिकाने 'हा भाषेचा आहे' म्हणून, दोन वर्षं गेली त्यात, खूप वाईट वाटलं होतं. त्यामुळे प्रबंधाचं शीर्षक साहित्याचंच ठेवा, आतली प्रकरणं मात्र सोडू नका. मोडी आणि देवनागरीची जुनी वळणं आत्तापासून शिका, इतिहास विभागातल्या एखाद्या सरांकडे जाऊन बसा, बहुतेक जण आनंदाने शिकवतात. आणि गाईडशी वाद घालण्यापेक्षा तुळपुळ्यांचं कोरीव लेखांचं पुस्तक लायब्ररीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवा, एका मराठीच्या प्राध्यापकाचंच आहे ते.