रोमकरांस 13 समोर ठेवून मर्यादित शासनाची बाजू कशी मांडायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या तुमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत तरुण संघापुढे अर्धा तास बोलायचं आहे. सरकारच्या अधिकाराला हद्द असावी आणि माणसाचं स्वातंत्र्य जपलं जावं, हे तुम्हाला मनापासून पटतं. पण विषय काढला की कोणीतरी रोमकरांस 13 (बायबलातल्या पौल प्रेषिताच्या पत्राचा तेरावा अध्याय) उघडतं, 'अधिकाऱ्यांच्या अधीन राहा' एवढं वाचतं आणि बोलणं तिथेच मिटतं. तर हे श्रद्धेच्या आधारावर कसं मांडायचं?

सुरुवात रोमकरांस 13 पासूनच करा. त्याला वळसा घालून गेलात तर ऐकणाऱ्यांच्या मनात तो शेवटपर्यंत खुपत राहील. लोक पहिल्या वचनाशी थांबतात, तुम्ही सातव्यापर्यंत वाचा. चौथ्या वचनात अधिकाऱ्याला 'देवाचा सेवक' म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस, म्हणजे मंडळीतला डीकन ज्यावरून आला तोच. सेवक म्हटलं की त्याच्या वर धनी असतो आणि त्याला नेमून दिलेलं काम असतं. ते कामही तिथेच लिहिलंय: वाईट करणाऱ्याला शिक्षा, चांगलं करणाऱ्याला अभय. आदल्या अध्यायाच्या शेवटी पौल 'सूड घेऊ नका' सांगतो आणि लगेच तलवार अधिकाऱ्याच्या हाती देतो, म्हणजे शासन हवंच. करही द्यायचा आहे, सहावं-सातवं वचन त्याबद्दलच आहे. मर्यादित शासन म्हणजे करचुकवेगिरीला शास्त्राधार, असं कोणाच्या मनात असेल तर ते इथेच पुसून टाका. पण देव कोणता मानायचा आणि उपासना कशी करायची हे ठरवण्याचं काम त्या सेवकाला कुठेही दिलेलं नाही.

मग त्याच पौलाची वागणूक दाखवा. फिलिप्पैमध्ये अधिकाऱ्यांनी त्याला आणि सीलाला चौकशीवाचून छड्या मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी शिपायांकरवी निरोप पाठवला की सोडून द्या. पौल निघाला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, न्यायनिवाडा न करता चारचौघांत मारलंत, आता तुम्ही स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढा, असं त्याने कळवलं (प्रेषितांची कृत्ये 16). अधिकारी घाबरले, येऊन त्यांनी विनवण्या केल्या. यरुशलेमात तो फटक्यांआधीच नागरिकत्व सांगतो (22), आणि पुढे थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो (25). अधीन राहा लिहिणारा माणूस अधिकाऱ्याला त्याच्याच कायद्याची आठवण करून देतो. तुमच्या श्रोत्यांपैकी बहुतेकांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिलेल्या नसतात, म्हणून इथे घाई करू नका.

पेत्राचं 'माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' (कृत्ये 5:29) सगळ्यांना पाठ असतं. ते एका वाक्यात सांगून पुढे जा. ते टोकाच्या प्रसंगाचं वचन आहे, रोजच्या कारभाराची हद्द त्यातून कळत नाही.

हद्द कळते ती नाण्यावरून. दहा रुपयांचं एक नाणं सोबत न्या आणि हातोहात फिरवा. अशोकस्तंभाचे सिंह दिसतील, म्हणजे नाणं भारत सरकारचं. मत्तय 22 मध्ये येशू नेमकं हेच विचारतो: मुखवटा (म्हणजे छापलेला चेहरा) कोणाचा, लेख कोणाचा? कैसराचा, तर कैसराला द्या, आणि देवाचं ते देवाला. आता देवाचा मुखवटा कशावर आहे, ते उत्पत्ती 1:27 मध्ये वाचा. मत्तयाच्या मूळ मजकुरात 'मुखवटा' या अर्थी जो ग्रीक शब्द आहे, आयकोन, तोच उत्पत्तीच्या जुन्या ग्रीक भाषांतरात माणसाबद्दल येतो. नाणं कैसराचं आणि माणूस देवाचा, हा अर्थ तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारासच काढला होता. माणसाची सद्सद्विवेकबुद्धी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच तिचा हिशेब जाणार. माझ्या मते ख्रिस्ती माणसाने व्यक्तिस्वातंत्र्याचं सगळं बोलणं या पायावर उभं करावं, कारण 'माझं आयुष्य, माझी मर्जी' हा पाया शास्त्रात नाही. गलतीकरांस 5:13 ('प्रेमाने एकमेकांची सेवा करा') तसं बोलायला वावच ठेवत नाही.

1 शमुवेल 8, जिथे इस्राएल लोक संदेष्टा शमुवेलाकडे राजा मागतात, ते बहुतेक वक्ते चुकीच्या ठिकाणाहून वाचतात. 'राजा मागू नका' इथून उचलतात आणि लोक मूर्ख होते असं दाखवतात. तिसरं वचन वाचा: शमुवेलाचे मुलगे लाच घेत होते, न्याय वाकवत होते. लोकांचं गाऱ्हाणं खरं होतं. भ्रष्ट कारभाराला कंटाळून एका बळकट हातात सगळं देऊन टाकावं, ही मागणी तेव्हाही अशीच जन्मली. उत्तरादाखल शमुवेल राजाची किंमत मोजून सांगतो. मुलगे रथांपुढे धावायला, मुली स्वयंपाकाला, उत्तमोत्तम शेतं आणि द्राक्षमळे त्याच्या चाकरांना, धान्याचा दशांश, कळपांचा दशांश. दशांशाकडे लक्ष वेधा, तो देवाचा वाटा होता. राजा तेवढाच मागू लागतो म्हणजे तो कोणाच्या जागी बसू पाहतोय ते ऐकणाऱ्यांना न सांगता कळतं. याच्या जोडीला अनुवाद या पुस्तकाचा 17 वा अध्याय घ्या: राजाने घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोनंरुपं साठवू नये, नियमशास्त्राची नक्कल करून घेऊन ती जन्मभर वाचावी. फौज, नातेसंबंधांचं राजकारण आणि तिजोरी, तिन्हींना लेखी लगाम, आणि राजा स्वतः कायद्याखाली.

इथे कोणीतरी विचारेलच की मग सरकार दुबळं हवं का? इंदूरकरांना उत्तर देणं सोपं आहे. नगर निगमाची कचरागाडी दारात येते, ओला आणि सुका वेगळा मागते, नियम मोडला तर दंड होतो. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहर वर्षानुवर्षं पहिलं आलं ते या शिस्तीमुळे. माझ्या घरची घाण शेजाऱ्याच्या दारात जाते, म्हणून तिथे निगमाचा अधिकार पक्का आहे आणि तो नीट बजावला जातो याचा अभिमानही असावा. पण तोच निगम उद्या दारात थांबून घरात कोणाची प्रार्थना होते याची नोंद मागू लागला, तर काम तेच राहिलं नाही.

आणि हे काही हवेतलं उदाहरण नाही. मध्य प्रदेशच्या 2021 च्या धर्म स्वातंत्र्य अधिनियमात, कलम 10 प्रमाणे, धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूनेही 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं आहे. धर्मगुरूने न कळवल्यास 3 ते 5 वर्षं कैद आणि किमान 50,000 रुपये दंड. धर्मांतर जबरदस्तीचं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. वडिलोपार्जित धर्मात परतणं मात्र धर्मांतर धरलेलं नाही. बोलताना इथे गल्लत होते, तेव्हा नेमकं बोला. जबरदस्तीला, धमकीला, फसवणुकीला शिक्षा व्हायलाच हवी. रोमकरांस 13 मधली तलवार त्यासाठीच आहे, आणि आपल्यापैकी कोणी पैशाचं आमिष दाखवून बाप्तिस्मा देत असेल तर त्यालाही ती लागू आहे. आक्षेप पूर्वसूचनेवर आहे. सज्ञान माणूस आपल्या मनाने देवाकडे वळतोय, त्याआधी दोन महिने ते सरकारी टेबलावर का ठेवायचं? सूचना बाहेर फुटली की घरचे, गावचे, जमाव कोणीही दबाव आणू शकतो, आणि ज्याच्या रक्षणासाठी कायदा केला म्हणतात तोच उघडा पडतो.

कायद्याची स्थितीही अचूक सांगा, कारण अर्धवट माहितीने एखादा पाळक अडचणीत येईल. रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 1977 मध्ये मध्य प्रदेशचा 1968 चा जुना कायदा वैध ठरवला. घटनेच्या कलम 25 मधल्या प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं म्हटलं. हे आपल्या विरुद्ध आहे, लपवू नका. दुसरीकडे हिमाचल उच्च न्यायालयाने 2012 मध्ये तिथल्या कायद्यातली 30 दिवसांच्या पूर्वसूचनेची अट रद्द केली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. नोव्हेंबर 2022 मध्ये आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात कलम 10 प्रथमदर्शनी घटनाबाह्य म्हटलं आणि स्वखुशीने लग्न करणाऱ्या सज्ञानांवर त्याखाली कारवाई करू नये असं सांगितलं. अंतरिम आदेश म्हणजे निकाल नव्हे. 'ते कलम गेलं' असं व्यासपीठावरून सांगू नका. प्रत्यक्ष बाप्तिस्म्याचा प्रश्न असेल तर आधी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात काम करणाऱ्या वकिलाला विचारा.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो टाळलात तर बाकीचं सगळं पोकळ वाटेल. सत्ता हातात आली तेव्हा ख्रिस्ती लोकांनीच ही हद्द मोडली आहे. 313 मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी सगळ्यांनाच उपासनेची मोकळीक दिली. 380 मध्ये थिओडोसियसने ख्रिस्ती मत राज्याचं अधिकृत मत केलं. 385 च्या सुमारास प्रिसिलियन नावाच्या बिशपाला ख्रिस्ती सम्राटाच्या हुकमाने मारण्यात आलं. सत्तरेक वर्षांत एवढा फरक पडला. मराठी माणसाला तर लांब जायला नको: गोव्यातलं इन्क्विझिशन (लोकांच्या श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) 1560 मध्ये सुरू झालं आणि मधली काही वर्षं वगळता 1812 पर्यंत चाललं. तुमच्या शेजारच्या हिंदू मित्राला हे माहीत असतं. ते तुमच्या तोंडून आधी आलं तरच तो पुढचं ऐकेल. राजा उज्जीया धूप जाळायला मंदिरात घुसला तेव्हा अजऱ्या याजक आणि 80 याजक आडवे आले (2 इतिहास 26); राज्याने वेदीवर हात टाकायचा नाही, तसाच वेदीनेही राज्याची तलवार उसनी घ्यायची नाही. मंडळीच्या आतही हे लागू आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या मठवासिनींशी विवेकाच्या स्वातंत्र्यावरून पत्रांतून वाद घालत राहिल्या. श्रद्धा घट्ट, पण माझ्या वतीने दुसऱ्याने विचार करायचा नाही, ही त्यांची भूमिका. त्यांचं नाव घ्याच. आपल्या भाषेतल्या बाईने हे सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी जगून दाखवलंय.

एक आक्षेप मनावर घेण्यासारखा आहे. दलित कुटुंबातला एखादा तरुण उठून म्हणेल, आम्हाला गावाने छळलं, सरकारने नाही. सरकार लहान झालं तर आमचं कोण? त्याचं बरोबर आहे. घटनेचं कलम 17 अस्पृश्यता मोडतं, आणि जमावापासून एकट्या माणसाला वाचवणं हे त्या सेवकाचं पहिलं काम. राजा अहाबाला हवा असलेला नाबोथाचा द्राक्षमळा आठवा (1 राजे 21): दोन खोटे साक्षीदार, गावचे वडीलधारे सामील, आणि राजा मळ्यात उतरायला तयार. गाव आणि गादी एक झाली की एकटा माणूस धोंडमारात मरतो. अनुसूचित जातीचे हक्क कोणाला ते ठरवणारा 1950 चा अनुसूचित जाती आदेशही त्याच तरुणाला दाखवा. त्यात आधी जवळजवळ फक्त हिंदू होते, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. जात तीच, गावचा छळ तोच, पण श्रद्धा बदलली की हक्क जातो. राज्याने विवेकावर किंमत लावणं म्हणजे काय, हे त्याला बाहेरून समजवावं लागणार नाही.

अमेरिकेतल्या पक्षांची भांडणं, तिथल्या बंदुका, तिथल्या घोषणा मध्ये आणू नका. त्या ओझ्याने आपला मुद्दा परका वाटतो.

वेळेचं म्हणाल तर रोमकरांस आणि फिलिप्पै मिळून 8 मिनिटं, नाणं 5, शमुवेल आणि अनुवाद 6, कायदा 5, आपला इतिहास 4. उरलेल्या 2 मिनिटांत स्वतः काही बोलू नका. संघातल्या कोणाला तरी 1 शमुवेल 12 ची तिसरी ते पाचवी वचनं मोठ्याने वाचायला सांगा. म्हातारा शमुवेल काम सोडताना सगळ्या लोकांपुढे उभा राहतो आणि विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाच्या हातून लाच घेतली? सांगा, मी परत करतो. लोक म्हणतात, काही घेतलं नाहीस. मग चर्चा त्यांच्यावर सोपवा.