मोझेइक जोडताना : एका विद्यार्थिनीस पत्र

नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
सस्नेह आशीर्वाद.

पावसाळ्यात नाशिकचे आकाश हाती लागत नाही, म्हणून तू स्पिट्झर या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्यापलीकडच्या) प्रकाशाच्या अवकाश दुर्बिणीच्या खुल्या संग्रहाकडे वळलीस, याचा मला मनापासून आनंद झाला. तू पाठवलेले मोझेइक, म्हणजे अनेक फ्रेम (सुटी छायाचित्रे) जोडून केलेले मोठे चित्र, मी सावकाश पाहिले. चित्र देखणे आहे, फ्रेमचे सांधे कुठेही दिसत नाहीत. आणि नेमके म्हणूनच मला सविस्तर लिहावेसे वाटले. आकाशातील एखाद्या जागेची तेजस्विता किती आणि त्या आकड्यावर किती विसंबावे, ही दोन्ही उत्तरे ज्या मोझेइकमधून मिळतात तेच संशोधनाच्या उपयोगाचे असते. सांधे नाहीसे करताना प्रकाशही नाहीसा झाला असेल, तर ते चित्र केवळ पाहण्यापुरते उरते.

तू प्रत्येक फ्रेममधून तिचा मध्यक (सर्व पिक्सेलचे आकडे क्रमाने लावल्यावर मधला येणारा) वजा केला आहेस. रिकाम्या आकाशात हे बहुधा चालून जाते. परंतु तुझा विषय तेजोमेघ, म्हणजे अवकाशातील वायू-धुळीचा ढग, आहे, आणि स्पिट्झरच्या आयरॅक कॅमेऱ्याची फ्रेम जेमतेम पाच आर्कमिनिटे (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) रुंद असल्यामुळे मधल्या फ्रेम मेघानेच भरलेल्या असतात. त्यांच्या मध्यकात मेघाचाच प्रकाश असतो, आणि तो वजा केला की मेघ विरळ होतो. फ्रेमची पार्श्वभूमी सारखी नसते, याला खरी कारणे आहेत. शोधकाची (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागाची) शून्यपातळी थोडी सरकते, आणि सूर्यमालेतील धुळीची अवरक्त चमक दुर्बीण सूर्याभोवती फिरताना बदलत जाते, म्हणून काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या फ्रेम जुळत नाहीत. यावर योग्य उपाय असा की, शेजारच्या फ्रेम जिथे एकमेकींवर येतात तिथला फरक मोजावा आणि सर्व फ्रेमचा एकत्र विचार करून प्रत्येकीला तिचा स्वतःचा एक स्थिरांक (सगळ्या फ्रेमभर सारखाच मिळवायचा वा वजा करायचा आकडा) द्यावा. स्पिट्झरच्या फ्रेम जोडणाऱ्या मोपेक्स या आज्ञावलीतील ओव्हरलॅप दुरुस्ती हेच करते. त्यानंतरही पार्श्वभूमीची निरपेक्ष पातळी ठाऊक होत नाही, हे मात्र नोंदवून ठेव.

वैश्विक किरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) शोधकावर आदळून उमटलेले ठिपके काढताना याहून अधिक जपावे लागते. आयरॅकचा पिक्सेल सुमारे १.२ आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) आहे, आणि कमी तरंगलांबीच्या पट्ट्यांत ताऱ्याची प्रतिमा त्या मानाने इतकी लहान असते की, दुर्बीण किंचित सरकली तरी ताऱ्याच्या मध्यावरील पिक्सेलचा आकडा बराच बदलतो. इतर फ्रेमपेक्षा किती वेगळा आकडा टाकून द्यायचा, ही मर्यादा कडक ठेवलीस, तर आज्ञावली त्या खऱ्या बदलालाच दोष समजून कापते. द्राक्षघडाची विरळणी करताना कात्री कुठे थांबवायची हे तुझ्या घरी सर्वांना ठाऊक आहे; इथेही तोच विवेक हवा. पडताळणी सोपी आहे : कोणत्या पिक्सेलसाठी किती फ्रेम वापरल्या गेल्या हे दाखवणारा कव्हरेज नकाशा उघड. त्यात ताऱ्यांच्या जागी खड्डे दिसले, तर मर्यादा सैल कर. जिथे दोन-तीनच फ्रेम आहेत, तिथे केवळ सांख्यिकीवर विसंबू नकोस.

एककांविषयी थोडेच लिहितो. फ्रेममधील आकडे मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन (जान्स्की हे तेजाचे एकक, स्टेरेडियन हे आकाशातील क्षेत्राचे) असे असतात, म्हणजे ती पृष्ठतेजस्विता आहे; पिक्सेल लहान केल्याने ती बदलत नाही. ताऱ्याचे एकूण तेज काढताना मात्र पिक्सेलच्या क्षेत्रफळाने गुणावे लागते. ०.६ आर्कसेकंदाच्या पिक्सेलसाठी १ एकक म्हणजे सुमारे ८.४६ मायक्रोजान्स्की. फ्रेम लहान पिक्सेलवर पुन्हा मांडल्या की शेजारच्या पिक्सेलमधील नॉइज (आकड्यांतील यादृच्छिक चढउतार) परस्परांशी जोडला जातो, आणि एकेका पिक्सेलच्या विखुरणीवरून काढलेली अनिश्चितता खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणून रिकाम्या जागी ताऱ्यासाठी वापरतेस त्याच आकाराची वर्तुळे ठेवून त्यांतील प्रकाशाच्या आकड्यांमधला फरक मोज.

तारखाही तपासून घे. मे २००९ मध्ये दुर्बिणीला थंड ठेवणारे द्रवरूप हेलियम संपल्यानंतर आयरॅकच्या ३.६ आणि ४.५ मायक्रॉनच्या पट्ट्याच चालू राहिल्या, आणि शोधकांचे तापमान वाढल्याने त्यांचे अंशांकनही (आकड्यांवरून खरे तेज काढण्याचे प्रमाण) निराळे आहे. दोन्ही काळांतील फ्रेम विचार न करता एकत्र करू नयेत.

आता मूळ फ्रेमपासून पुन्हा आरंभ कर. मेघापासून दूरचे काही सुटे तारे निवडून त्यांचे तेज आधी एकेका फ्रेममध्ये आणि मग मोझेइकमध्ये मोज. दोन्ही आकडे अनिश्चिततेच्या मर्यादेत जुळेपर्यंत मेघाच्या मोजमापाला हात लावू नकोस. पुढच्या वेळी चित्रासोबत कव्हरेज नकाशा, अनिश्चिततेची फाइल आणि या ताऱ्यांचा तक्ता पाठव. मी आधी तक्ता पाहीन.

तुझा शुभचिंतक