‘मी ठणठणीत आहे’ म्हणणाऱ्याला हृदयविकाराचा धोका खरंच कमी असतो का?

तुम्ही लिहिलंय की वडील ५६ वर्षांचे आहेत, तपासणीचं नाव काढलं की "मला काय धाड भरलीय?" म्हणतात. माणसाला स्वतःच्या तब्येतीविषयी जे वाटतं, त्यावर हार्टच्या बाबतीत विसंबावं का, हा तुमचा प्रश्न.

"बरं वाटत नाही" म्हणाले तर लगेच विश्वास ठेवा. "ठणठणीत आहे" म्हणाले तर बीपीचं मशीन काढा.

मी डॉक्टर नाही, नाशिकला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत वर्षाची तपासणी असली की आम्ही बीपी, ईसीजी, रक्ताचं सगळं सामान घेऊन जातो. आमच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो, "तुमची एकूण तब्येत कशी आहे?" खाली पाच चौकोन, उत्तम ते वाईट. बरीच वर्षं मला वाटायचं, हा प्रश्न कागद भरायला घातलाय.

तसं नाहीये. कॅनडातल्या मॅनिटोबात ६५ च्या वरच्या लोकांना हाच प्रश्न विचारून पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. १९८२ साली ते छापून आलं. तब्येत वाईट आहे म्हणणाऱ्यांत मृत्यूचा धोका उत्तम म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला, आणि डॉक्टरी नोंदींतले आजार हिशेबात धरूनही फरक उरला. पुढे १९९७ मध्ये अशा २७ अभ्यासांचा आढावा निघाला, त्यातल्या बहुतेकांत हेच दिसलं. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंतही कल तोच आहे.

कारण सोपं आहे. उत्तर देताना माणूस रिपोर्ट आठवत नाही. जिना चढताना लागणारी धाप, न लागणारी झोप, भाऊ पन्नाशीत गेला ते, सुटत नसलेली तंबाखू, हे सगळं तो नकळत एका शब्दात घालतो. मन खचलेलं असलं तर तेही त्यात येतं, आणि नैराश्याचा हृदयाशी संबंध आहेच.

पॅकिंगमधल्या एक ताई होत्या, पंचेचाळीसच्या आसपास. बीपी ठीक, साखर काठावर, ईसीजी नॉर्मल. चौकोन मात्र चौथा. विचारलं तर म्हणाल्या, "पूर्वीसारखं नाही राहिलं हो. कँटीन वरच्या मजल्यावर आहे, डबा घेऊन जाताना मधे टेकावं लागतं." छातीत दुखतं का? नाही, नुसता थकवा. आमच्या डॉक्टरांनी त्यांना स्ट्रेस टेस्टला (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) पाठवलं, पुढे अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं. आडवं झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल असला तरी अडथळा असू शकतो. त्यातून बायकांत छातीतली कळ न येता नुसती धाप, थकवा, मळमळ अशी लक्षणं जास्त दिसतात, आणि घरात "वयाने होतं" म्हणून ती उडवली जातात.

आता तुमच्या वडिलांसारखाच एक नमुना. वेल्डर, ४८. चौकोनाकडे न बघताच, "एक नंबर! रविवारी पांडवलेणी चढून आलो." बीपी १७८/१०४. दहा मिनिटं बसवून परत घेतलं, १७२/१०२. म्हणाला, "मॅडम, मशीन बिघडलंय." मी त्याच्यासमोर स्वतःचं घेतलं, ११८/७६ आलं. तर म्हणे, "मशीन तुमच्या बाजूचं आहे." शेवटी गोळी सुरू झाली, पण भांडून. बीपी आणि कोलेस्टेरॉल दुखत नाहीत, साखरही बरीच वर्षं कळू देत नाही. मग त्याने ‘एक नंबर’ म्हणू नये तर काय?

शिवाय माणूस तुलना कोणाशी करतो, यावरही उत्तर ठरतं. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की आयुर्मान जास्त असलेल्या केरळात लोक आजारपण जास्त सांगतात आणि बिहारमध्ये कमी. जिथे तपासणी आणि शिक्षण असतं तिथे तक्रारीला नाव मिळतं, बाकीकडे "चाललंय" म्हणून भागतं.

म्हणून वडिलांना "तब्येत कशी आहे?" विचारूच नका, "मस्त" हेच ऐकाल. असं विचारा: मागच्या दिवाळीच्या मानाने कसं आहे? चालायच्या ट्रॅकवर पूर्वीएवढ्याच फेऱ्या होतात का? मधे कुठे थांबता? उत्तर वर्षभरात घसरलं असेल तर रिपोर्ट चांगले असले तरी डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा.

आणि उत्तर काहीही येवो, बीपी, उपाशीपोटी साखर, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) करून घ्या. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना ५९ च्या आसपास. ५६ म्हणजे लवकर नाही. लॅबचं नाव काढलं की उठून जात असतील तर आधी घरीच बीपी घ्या. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, आणि घेताना बोलू देऊ नका (हे सगळ्यात अवघड). मिनिटभराने दुसऱ्यांदा. आठवडाभर त्यांनाच आकडे वहीत लिहायला लावा. सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःच्या हस्ताक्षरातले आकडे असले की मशीनला दोष देणं जरा जड जातं.