कोरियनमध्ये ‘थकलेला दिसतो’ आणि ‘थकलाय वाटतं’ यांत फरक कसा करतात?

आपण विचारले आहे की ‘बोयॉयो’, ‘गॉ गाथायो’ आणि ‘ना ब्वायो’ या तिन्हींचा अर्थ शब्दकोशात ‘वाटते, दिसते’ असाच मिळतो, मग कोणते रूप कुठे वापरावे. माझाही सुरुवातीला येथेच गोंधळ होत असे. तो मराठीच्या आधारेच सुटला.

कोरियन ‘बोदा’ म्हणजे पाहणे आणि ‘बोइदा’ म्हणजे दिसणे. ‘फिगोन्हे बोयॉयो’ म्हणजे शब्दशः ‘थकलेला दिसतो’, आणि ते डोळ्यांनी पाहिल्यावरच म्हणायचे. ताट समोर आले की ‘माशिस्सॉ बोयॉयो’, म्हणजे दिसायला तरी चविष्ट आहे; एक घास खाल्ल्यावर मात्र हे वाक्य निरर्थक ठरते. फोनवर आवाज दमलेला वाटला तर तेथेही ‘बोयॉयो’ चालत नाही, ‘फिगोनहान गॉ गाथायो’ म्हणावे लागते. याच्याशी ‘मॉगॉ बोसेयो’ची गल्लत करू नये, ते आपले ‘खाऊन पाहा’ आहे, आणि ‘पाहणे’ हे क्रियापद असे दुसऱ्या क्रियापदाला जोडण्याची सवय मराठी माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही.

आपली चूक होते ती पुढे. मराठीत ‘तो झोपलेला दिसतो’ सहज म्हणता येते, म्हणून मी ‘जा बोयॉयो’ असे म्हणून बसलो होतो. कोरियनमध्ये हे रूप थेट जोडता येते ते थकणे, सुंदर असणे अशा गुणवाचक शब्दांनाच. क्रिया असेल तर मध्ये ‘सारखे’ घालून ‘जानुन गॉछॉरॉम बोयॉयो’ म्हणावे, किंवा सरळ ‘जानुन गॉ गाथायो’ म्हणावे.

‘ना ब्वायो’ हे खुणेवरून काढलेले अनुमान आहे. लोक छत्र्या घेऊन आत येताना दिसले की ‘बीगा ओना ब्वायो’, म्हणजे ‘पाऊस पडतोय वाटतं’. गुणवाचक शब्दांना ‘ना’ऐवजी बहुधा ‘न्गा’ लागतो, म्हणून ‘फिगोनहान्गा ब्वायो’. स्वतः अनुभवलेल्या गोष्टीबद्दल हे रूप सहसा वापरत नाहीत: किमची स्वतः चाखून ‘तिखट आहे वाटतं’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. अपवाद म्हणजे स्वतःवरच चकित होऊन काढलेले उद्गार. ‘नेगा मिछॉन्ना ब्वा’ म्हणजे ‘मला वेड लागलंय बहुतेक’.

राहिले ‘गॉ गाथायो’. ते सर्वांत मोकळे आहे: पाहिलेले, ऐकलेले, चाखलेले, नुसता अंदाज, काहीही चालते, फक्त आधीचे रूप काळानुसार बदलते, जसे चाखण्याआधी ‘माशिस्सुल गॉ गाथायो’ आणि चाखल्यावर ‘माशिन्नुन गॉ गाथायो’. मत सौम्य करण्यासाठी कोरियन लोक ते इतके वापरतात की स्वतःच्या आवडीबद्दलही ‘आवडल्यासारखे वाटते’ असे म्हणतात, आणि तेथील काही भाषाप्रेमींना ते खटकते. शिकणाऱ्याने मात्र अडचणीच्या वेळी हेच रूप धरावे, असे माझे मत आहे.