लाईट गेली की पॉड ‘टर्मिनेटिंग’मध्ये अडकतो, फोर्स डिलीट करू का?

तुम्ही विचारलंय: सोलापुरात टॉवेल कारखान्यातच तीन नोडचं (मशीनचं) कुबरनेटिस (कंटेनरमधली अ‍ॅप्स चालवणारी यंत्रणा), लाईट गेली की पोस्टग्रेस डेटाबेसचा पॉड (कंटेनरचा गट) तासभर ‘टर्मिनेटिंग’ म्हणजे ‘बंद होतोय’ दाखवतो, फोर्स मारू का, म्हणजे जबरदस्तीनं डिलीट करू का?

नका मारू. आधी पॉडचं यामल (त्याची सगळी माहिती लिहिलेला मजकूर) काढा. त्यात फायनलायझर (‘माझं काम उरकेपर्यंत पुसू नका’ अशी खूण) दिसला तर तो लावणारा कंट्रोलर (ते काम करणारा प्रोग्राम) चालू आहे का बघा. ऑपरेटर (असाच एक कंट्रोलर) काढून टाकला की त्याचे फायनलायझर मागे लटकत राहतात. त्याचं राहिलेलं काम हातानं उरकून मगच ते पॅच करून काढा.

फायनलायझर नाही, नोडही रेडी, पण पॉड दरवेळी पुरते 30 सेकंद खाऊन एक्झिट कोड 137 नं (जबरदस्तीनं मारल्याची खूण) जातो? मग डॉकरफाइलमधली सीएमडी (अ‍ॅप सुरू करणारी ओळ) बघा. शेल फॉर्ममध्ये लिहिली की पीआयडी 1 वर, म्हणजे कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसच्या जागी, शेल बसतं आणि सिगटर्म (‘आवरून थांब’ हा सिग्नल) अ‍ॅपपर्यंत पोचतच नाही. सिगकिलनंही (जबरदस्तीनं मारणारा सिग्नल) प्रोसेस हलत नसेल तर नोडवर पीएस (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारा. स्टेट ‘डी’ (डिस्कची वाट बघत अडकलेली) असेल तर बहुधा स्टोरेज लटकलंय.

तुमच्याकडे मात्र नोडच गेलाय. नोड नॉटरेडी झाल्यावर 300 सेकंदांनी पॉड डिलीट करायला काढला जातो, पण कंटेनर थांबल्याचं कुबलेटनं (नोडवरचा कुबरनेटिसचा प्रोग्राम) कळवायचं असतं आणि तेच गप्प. पॉड डिप्लॉयमेंटचा (साध्या अ‍ॅपसाठीची मांडणी) असेल तर दुसरीकडे नवा पॉड उभा राहतो, स्टेटफुलसेट (डेटाबेससारख्यांसाठीची मांडणी) थांबून राहतो. मुद्दाम.

इथंच लोक फोर्स मारतात, आणि यावरूनच सर्व्हर सांभाळणाऱ्यांशी माझं कायम वाजतं. फोर्सनं फक्त हजेरीपटावरचं नाव खोडलं जातं, नोडवरच्या कंटेनरला हातही लागत नाही. अक्कलकोट रोडला काय नि चिंचोळीला काय, सर्व्हर यूपीएसवर आणि नेटवर्क स्विच साध्या बोर्डावर हा थाट नेहमीचा. लाईट गेली की स्विच बंद, नोड नॉटरेडी, आत पोस्टग्रेस मजेत चालू. डेटा एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायचं सामायिक फोल्डर) असेल आणि एनएफएसची वाट त्या स्विचमधून जात नसेल, तर फोर्सनंतर दुसरा पोस्टग्रेस त्याच फोल्डरवर उठतो. पोस्टमास्टर.पीआयडी फाइल (पोस्टग्रेस आधीच चालू असल्याची खूण) दुसऱ्या मशीनवरची प्रोसेस ओळखत नाही. डेटाचा चिवडा.

आधी मशीन खरंच बंद आहे हे जाऊन बघा, चालू असेल तर बंद करा. मग नोडला ‘आउट-ऑफ-सर्व्हिस’ टेंट (नोडवर लावायची खूण) लावा, इफेक्ट नोएक्झिक्यूट, कुबरनेटिस 1.28 पासून हे स्टेबल आहे. पॉड निघतो, व्हॉल्यूम (त्याची डिस्क) सुटतो. मशीन परत आल्यावर टेंट हातानं काढावा लागतो.

डेटा न ठेवणारा वेब पॉड असेल तर खुशाल फोर्स मारा. आणि तो स्विच आजच यूपीएसवर घ्या.