सर्च सेम, रिझल्ट वेगळे: तुमचे प्रश्न

सर्चबद्दलचे बरेच प्रश्न साठले होते, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे आज घेतो.

प्रश्न : मी आणि बायको एकाच खोलीत बसलो होतो, दोघांनी आपापल्या फोनवर अगदी तेच शब्द टाकले, तरी वरच्या लिंक्स वेगळ्या आल्या. गूगलला आमच्याबद्दल एवढं काय माहितीये?

उत्तर : असं झालं की डोकं लगेच "आपल्यावर पाळत आहे" इकडे जातं. पाळत आहेच, पण तुमच्या केसमध्ये कारण बहुतेक त्याहून साधं निघेल. दोघं एकाच वायफायवर होतात का? एक जण मोबाइल डेटावर असेल तर त्याचा इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस वेगळा, आणि मोबाइल कंपन्यांचे आयपी कधीकधी भलत्याच शहराचे दिसतात. एकाने ब्राउझरला लोकेशनची परमिशन दिलेली असते, दुसऱ्याने कधीच नाकारलेली असते आणि आता लक्षातही नसतं. एकाचं गूगल मराठीत, दुसऱ्याचं इंग्लिशमध्ये. एकाचं सेफसर्च (अश्लील रिझल्ट गाळणारी सेटिंग) चालू, दुसऱ्याचं बंद. एकाच्या अकाउंटमध्ये घरचा आणि ऑफिसचा पत्ता सेव्ह. यातली एक गोष्ट जरी वेगळी असली तरी लिंक्स वरखाली होतात, आणि "दातांचा डॉक्टर" असलं काही शोधलं असेल तर मग विचारूच नका, कारण तुम्ही कुठे आहात हे धरल्याशिवाय त्या सर्चला उत्तरच नाही. रिझल्टच्या पानावर अगदी तळाशी जा, तिथे गूगलने तुमचं लोकेशन काय धरलंय आणि ते कशावरून (आयपीवरून, डिव्हाइसवरून की सेव्ह केलेल्या पत्त्यावरून) हे लिहिलेलं असतं. दोघांच्या फोनवर तेवढं बघितलंत तरी बऱ्याचदा कोडं तिथेच सुटतं.

आता समजा हे सगळं सेम आहे, तरी फरक पडू शकतो. सर्च इंजिन म्हणजे एक कॉम्प्युटर नाही, त्याच्या इंडेक्सच्या (वेबपानांच्या भल्यामोठ्या सूचीच्या) प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटर्समध्ये असतात आणि नवीन बदल सगळीकडे एकाच क्षणी पोचत नाहीत. वर प्रयोग चालू असतात ते वेगळेच. गूगल वर्षाला चार हजारांहून जास्त छोटेमोठे बदल सर्चमध्ये करतं आणि त्यातले बरेचसे आधी थोड्या युजर्सवर करून बघतं, त्यामुळे बायको एका प्रयोगात आणि तुम्ही नाही असं आरामात होऊ शकतं.

यावरचा एक अभ्यास मला फार आवडतो. २०१३ साली अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी आधी ही सगळी आपोआप होणारी गडबड मोजून बाजूला काढली आणि मग बघितलं की निव्वळ पर्सनलायझेशनमुळे, म्हणजे माणूस बघून रिझल्ट बदलण्यामुळे, किती फरक पडतो. सरासरी ११.७ टक्के रिझल्ट. आणि त्याची मोजता येण्यासारखी कारणं दोनच सापडली, अकाउंटमध्ये लॉगिन असणं आणि आयपीवरून कळणारं लोकेशन. प्रोफाइलमधलं वय, स्त्री की पुरुष, कुठला ब्राउझर, जुनी सर्च हिस्टरी, यांचा म्हणण्यासारखा परिणाम नाही. आकडा आता जुना आहे, पण मोजायची पद्धत आजही कुणी वापरावी अशी आहे.

प्रश्न : इन्कॉग्निटोमध्ये शोधलं की खरे, ओरिजिनल रिझल्ट दिसतात ना?

उत्तर : नाही. मुळात "ओरिजिनल रिझल्ट" अशी यादी कुठे ठेवलेलीच नसते जी बाकीच्यांसाठी मग बदलली जाते. प्रत्येक यादी कुणीतरी, कुठूनतरी, कुठल्यातरी वेळी विचारल्यावर त्याच क्षणी तयार होते. इन्कॉग्निटोत एवढंच होतं की तुम्ही अकाउंटमधून बाहेर असता, जुन्या कुकीज (साइट्सनी तुम्हाला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) वापरल्या जात नाहीत आणि विंडो बंद केली की हिस्टरी तुमच्या मशीनवर उरत नाही. आयपी तोच, म्हणजे लोकेशनचा अंदाजही तोच. डिव्हाइस तेच, भाषा तीच. शिवाय एकाच इन्कॉग्निटो विंडोत लागोपाठ दहा सर्च केले तर आधीच्या सर्चचा पुढच्यावर परिणाम होऊ शकतो. वर सांगितलेल्या अभ्यासातही हे दिसलं होतं, आणि दोन सर्चमध्ये दहा मिनिटांहून जास्त वेळ सोडला की तो परिणाम जायचा.

आणि लॉगआउट म्हणजे अनोळखी असंही नाही हं. डिसेंबर २००९ मध्येच गूगलने लॉगिन न केलेल्या लोकांसाठीसुद्धा कुकीवरून, १८० दिवसांच्या सर्चच्या आधारे पर्सनलायझेशन सुरू केलं होतं.

खरंच फरक कमी करायचा असेल तर अकाउंटमधली (तुमचे सर्च साठवून ठेवणारी) वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी बंद करा आणि सर्च सेटिंगमधलं पर्सनलायझेशनही बंद करा. व्हीपीएनने (तुमचं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणाहून फिरवणाऱ्या सेवेने) रिझल्ट न्यूट्रल होत नाहीत, फक्त दुसऱ्या गावचे होतात. दुसऱ्या देशाचा गूगलचा पत्ता टाकून तिथले रिझल्ट बघायची जुनी युक्ती २०१७ पासून चालत नाही, पत्ता कुठलाही टाका, रिझल्ट तुमच्या लोकेशनप्रमाणेच येतात. डकडकगो हे दुसरं सर्च इंजिन तुमची प्रोफाइल बनवत नाही हे बरोबर आहे, पण तिथेही देशाची सेटिंग असतेच आणि ती बदलली की यादी बदलते.

प्रश्न : माझी वेबसाइट मला पहिल्या नंबरवर दिसते, कस्टमर म्हणतात तिसऱ्या पानावर आहे. खोटं कोण बोलतंय?

उत्तर : कुणीच नाही. पण विश्वास कस्टमरवर ठेवा. तुम्ही स्वतःच्या दुकानात बसून, स्वतःच्या अकाउंटमधून, जी साइट रोज दहादा उघडता तीच शोधताय, त्यात काय नवल! नकाशासोबत येणारे लोकल रिझल्ट तर अंतरावर खूपच अवलंबून असतात. गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं, शोधलेल्याशी किती जुळतं, किती जवळ आहे, आणि किती नावाजलेलं आहे. थोडं लांब जाऊन तोच सर्च केलात तर तुमच्या हातातला नंबरही बदलेल.

"माझी रँक किती" या प्रश्नाला एक आकडा हे उत्तरच नाही. सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठीचं गूगलचं टूल उघडा (फुकट आहे), तिथे अ‍ॅव्हरेज पोझिशन मिळते, म्हणजे खऱ्या लोकांना तुमची लिंक जितक्यांदा दिसली तितक्यांदाच्या जागांची सरासरी. मोबाइल आणि डेस्कटॉप वेगळे करून बघा, देश वेगळा करून बघा, आणि कुठल्या शब्दांवर लोक येतायत ते तर नक्कीच बघा, तिथे बहुतेकांना धक्का बसतो. आणि कुणी "पहिला नंबर गॅरंटी" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका, अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही हे गूगलनेच लिहून ठेवलंय.

प्रश्न : फिल्टर बबलबद्दल वाचलं. म्हणजे माझे राजकीय विचार ओळखून मला माझ्याच बाजूच्या बातम्या दाखवतात का?

उत्तर : फिल्टर बबल म्हणजे आपल्याला पटेल तेवढंच दाखवणारा बुडबुडा, आणि हा शब्द २०११ मध्ये अमेरिकी लेखक एली पॅरिसर यांनी गाजवला. त्यांनी दोन मित्रांना "इजिप्त" हा एकच शब्द शोधायला सांगितलं, तेव्हा तिथे मोठी आंदोलनं चालू होती. एकाचं पान आंदोलनाने भरलेलं, दुसऱ्याच्या पहिल्या पानावर त्याचं नावच नाही. उदाहरण इतकं चटकदार होतं की ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं, पण दोन मित्रांवरून नियम काढता येत नाही ना. २०१८ मध्ये डकडकगोने लोकांकडून एकाच वेळी सेम सर्च करून घेतले, प्रायव्हेट मोडमध्येसुद्धा रिझल्ट वेगवेगळे आले, आणि त्यांनी हा बबलचा पुरावा म्हणून मांडला. गूगलचं म्हणणं, फरक लोकेशन, भाषा आणि वेळेमुळे येतो, पर्सनलायझेशन अगदी थोडं. दोघंही धंद्यात एकमेकांसमोर उभे, त्यामुळे दोघांचंही ऐकताना तेवढं लक्षात असू द्या.

मला जास्त पटतं ते २०२३ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत आलेलं संशोधन. त्यात अमेरिकेतल्या लोकांना गूगलने काय दाखवलं आणि त्यांनी स्वतः काय उघडलं हे दोन्ही मोजलं. लोकांनी स्वतः निवडून वाचलेल्या बातम्या गूगलने दाखवलेल्या बातम्यांपेक्षा जास्त एकतर्फी निघाल्या.

आणि प्रश्न कसा टाकला हे तर कुणी बघतच नाही. एक जण "कॉफीचे फायदे" शोधतो, दुसरा "कॉफीचे तोटे", मग दोघं एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवून भांडतात. सर्च इंजिनने दोघांना मागितलं तेच दिलंय. देवनागरीत टाइप केलं की एक यादी येते, तेच इंग्लिशमध्ये विचारलं की दुसरीच, कारण दोन भाषांत लिहिलेली पानंच वेगळी. माझ्या मते रिझल्टमधला सगळ्यात मोठा फरक इथून येतो आणि तो आपल्याच हातात असतो. सोशल मीडियाची फीड मात्र वेगळी भानगड आहे, तिथे तुम्ही काही विचारतच नाही, तुमच्या वागण्यावरूनच सगळं ठरतं, त्यामुळे फीडवरचा राग सर्चवर काढू नका.

प्रश्न : "सुमारे इतके लाख रिझल्ट" हा आकडासुद्धा दोघांना वेगळा का?

उत्तर : कारण तो अंदाज असतो, मोजणी नाही. पुढच्या पानावर गेलात तरी बदलतो. त्यावरून काहीही सिद्ध करू नका, वादात तर नाहीच.

प्रश्न : बहीण युरोपात असते. एका माणसाचं नाव शोधलं तर मला जी जुनी बातमी दिसते ती तिला दिसत नाही.

उत्तर : हे पर्सनलायझेशन नसून कायदा असू शकतो. १३ मे २०१४ रोजी युरोपियन युनियनच्या सर्वोच्च कोर्टाने निकाल दिला की माणूस स्वतःच्या नावाच्या सर्चमधून जुन्या, आता गैरलागू झालेल्या लिंक्स काढायला सांगू शकतो. सगळ्याच मागण्या मान्य होत नाहीत, लोकांच्या हिताची माहिती असेल तर लिंक राहते. २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की युरोपचा कायदा अशी लिंक जगभर काढायला भाग पाडत नाही. म्हणून तुम्हाला दिसते, तिला नाही. बातमी मूळ साइटवर असतेच, नावाऐवजी दुसऱ्या शब्दांनी शोधली तर तिलाही सापडू शकते.

प्रश्न : वर येणारं एआयचं उत्तर तर माझं मलाच दुपारी वेगळं आणि रात्री वेगळं दिसलं!

उत्तर : दिसणारच. ते कुठून तरी उचललेलं तयार वाक्य नसतं, मजकूर नव्याने जुळवला जातो आणि पुढचा शब्द शक्यतेवरून निवडला जातो. त्या उत्तरासोबत दिलेल्या लिंक्स उघडून बघा, औषधपाणी आणि पैशाच्या बाबतीत तर उघडाच.

प्रश्न : मी थीसिस करतेय. "गूगलवर शोधलं" असं लिहिलं तर गाइड म्हणतात हे चालणार नाही, दुसऱ्याला तेच सापडेल कशावरून. मग कसं लिहू?

उत्तर : गाइड बरोबर आहेत. मुख्य शोध विषयाच्या डेटाबेसमध्ये करा, मेडिकल विषय असेल तर पबमेडसारख्या, जिथे अँड-ऑर लावलेली अख्खी क्वेरी जशीच्या तशी परत टाकता येते. तिथेही नवीन पेपर रोज वाढतात, म्हणून तारीख लिहायचीच. गूगल किंवा गूगल स्कॉलर जोडीला वापरा, पण नेमके शब्द, कुठली भाषा, कुठला देश, लॉगिन होतं का, पहिले किती रिझल्ट बघितले, हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि पानं सेव्ह करा. नुसती सर्चची लिंक ठेवलीत तर सहा महिन्यांनी तुमच्याच लॅपटॉपवर ती दुसरी यादी उघडेल.