गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून अकरा वेळा कसे निवडून आले? हा विक्रम आता कोणी मोडेल का?

आपण फक्त विजय मोजले आहेत. माझ्या मते पराभव मोजल्याखेरीज या विक्रमाचा अर्थ लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव १९६२ आणि १९६७ मध्ये विधानसभेवर निवडून आले, १९७२ मध्ये हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले आणि मग १९९० पर्यंत प्रत्येक विधानसभा निवडणूक जिंकले. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. त्यानंतर १९९९ ते २०१४ या काळात सलग चार विजय.

त्या १९२ मतांनी आमच्या घरात जे भांडण सुरू झाले, ते आजतागायत मिटलेले नाही. माझे वडील शेकापचे कार्यकर्ते, धाकटे चुलते काँग्रेसचे. निकालाच्या रात्री चुलते पेढे घेऊन आले, तेव्हा वडील लाल खतावणीत बूथनिहाय आकडे मांडून पेन्सिलीने पुन्हा पुन्हा बेरीज करत होते. आमच्या वाडीच्या मतदारयादीतच १९२ हून अधिक नावे होती, हे त्यांना सर्वांत जास्त लागले. पेढा मात्र त्यांनी खाल्ला. "एका जातीच्या मतांवर चाललेले राजकारण कधीतरी संपायचेच," असे चुलते तेव्हा म्हणाले आणि अजूनही म्हणतात.

काका, ती मते १९७२ मध्येही होती आणि १९९५ मध्येही होती; मग दोनदा हार का झाली? आणि ज्या शहाजीबापूंकडून हार पत्करली, त्यांनाच २०१४ मध्ये, नव्वदीकडे झुकलेल्या वयात, २५ हजारांहून अधिक मतांनी हरवले, ते कोणत्या हिशेबाने? मतदारसंघ कधीच बांधलेला नव्हता. दर पाच वर्षांनी तो पुन्हा मिळवावा लागत होता. एसटीने फिरणारा, दुष्काळी तालुक्यात पाण्याचा प्रश्न घेऊन अर्धे शतक सभागृहात उभा राहणारा आमदार लोकांना हाकेच्या अंतरावर वाटत होता, हे त्याचे खरे कारण.

जातीचे गणित अजिबात नव्हते, असे माझे म्हणणे नाही. आघाड्यांचाही हात होता; १९७८ आणि १९९९ मध्ये ते मंत्री झाले, ते आघाडीच्याच सरकारांत. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याला लागलेला विलंबही त्यांच्या खात्यावर मांडावा लागेल. पण २०१९ मध्ये ते स्वतः उभे राहिले नाहीत आणि त्यांचे नातू अनिकेत यांचा शहाजीबापूंनी ७६८ मतांनी पराभव केला. जात तीच, पक्ष तोच, आडनावही तेच होते. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब जिंकले, तेव्हा चुलत्यांनी मला फोन करून "बघ, घराणेशाही" असे ऐकवले. मधल्या पराभवाचा उल्लेख त्यांनी सोयीस्करपणे टाळला.

विक्रम मोडण्याविषयी म्हणाल, तर पक्ष न बदलता कोणी तो मोडेल, असे मला वाटत नाही.